चिटबॉय तात्याबाचं पथ्य

पणदऱ्याचा तात्याबा पन्नाशीला टेकला तरी लोक त्याला चिटबॉयच म्हणत. ऊसतोडीची चिठ्ठी घेऊन जो बांधाबांधानं हिंडतो, तो साखर कारखान्याच्या दप्तरी निवृत्त होईपर्यंत ‘बॉय’च राहतो. कुणाचा ऊस कधी तोडायचा हे ठरे कारखान्यात. पण चिठ्ठी येई तात्याबाच्या हातून, आणि माणसं ठरवणाऱ्यापेक्षा आणून देणाऱ्याला जास्त मानतात. त्यामुळे हंगाम सुरू झाला की तात्याबाला वस्तीवस्तीवर चहा असे. म्हशीच्या दुधाचा, आणि इतका गोड की पेला ठेवला तिथं मुंग्यांची रांग लागावी. साखरेच्या मुलखात चहात साखर कमी पडली तर पाहुण्याचा अपमान होतो, शिवाय आपल्याच पिकाचा. चहाबरोबर शेव, आणि ऊस तुऱ्यावर येऊन वजन घटायला लागलं असेल तर कोंबडी. एवढं पोटात घेऊन तात्याबा संध्याकाळी घरी येई आणि सारजाला म्हणे, “वाढ. सकाळपासनं पोटात अन्नाचा कण न्हाय.” त्याच्या मते ते खरं होतं. चहा आणि कोंबडी ही ड्यूटी होती, जेवण नव्हे.

तो असा मुळात नव्हता. तो जन्मला मेंढरांच्या तळावर. बाप म्हस्कू दिवाळी सरली की कळप घेऊन कोकणाकडे उतरायचा आणि पाऊस तोंडावर आला की माघारी यायचा. त्या चालण्यात तात्याबाच्या अंगावर मांस धरायला वेळच नव्हता. सारजाशी लग्न झालं तेव्हा दोघंही काठ्या होते. त्यांच्या समाजात नवं जोडपं जेजुरीला जातं आणि नवरा बायकोला उचलून गडाच्या पाच पायऱ्या चढतो. ती रीत झाली की लग्न देवाला पोचलं. पण त्या साली निघायला आधीच उशीर झाला होता, मेंढरं उपाशी होती आणि म्हस्कूचा जीव सुनेपेक्षा मेंढरांत जास्त. कळप गडाच्या खालून गेला. सारजानं रस्त्यावरूनच हात जोडले. म्हस्कू म्हणाला, “येताना करू.” येताना ती गरोदर होती. पुढं त्यांच्या रानाला कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लागला, म्हशी आल्या, तात्याबाला कारखान्यात चिकटवलं. चालणं संपलं. भूक मात्र चालण्याच्या हिशेबाचीच राहिली.

सत्त्याण्णव साली थोरल्या शंभूराजचं लग्न इंदापूरकडच्या मुलीशी ठरलं. जमवलं होतं तात्याबाच्या थोरल्या बहिणीनं, म्हाळसाआक्कानं. ती इंदापुरातच दिलेली, आणि देवाधर्मातलं तिला जेवढं कळे तेवढं देवालाही कळत नसावं. सुपारी फुटली, पाहुणे उठले, तशी आक्का भावाला म्हणाली, “तात्या, पोरगा बायकूला पाच पायऱ्या नेईल. पर तुझंच राहिलंय की! आई-बापाचं राहिलेलं पोराच्या बोकांडी बसतंय.”

“आक्का, आता ह्या वयात?”

“देवानं वय इचारलंय का?”

सारजा बोलली ती भांडी घासून झाल्यावर. “आदी आपल्या पाच पायऱ्या. त्याबिगार मी मांडवात उभी ऱ्हायची न्हाय.” आवाज चढवून बोलली असती तर तात्याबानं सोडून दिलं असतं. ती हळू बोलली. इतकी वर्षं हे तिच्या पोटात होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. लग्न वैशाखात होतं. तात्याबा उठला आणि म्हणाला, “त्यात काय, हितंच उचलून दावतो.” त्यानं अंगणात सारजाला उचललं. म्हणजे वाकून हात घातले. पाठीत अशी चमक भरली की पुढचे काही दिवस कारखान्याच्या चिठ्ठ्या शंभूराजनं वाटल्या.

बारामतीच्या डॉक्टरनं दोघांनाही आळीपाळीनं काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढून पुसला.

“दोघांनीही वजन उतरवायचं. एकट्यानं होत नाही, दुसरा समोर बसून खात असतो. दोघं मिळून रांधा, तेल मोजून घाला, ताटं एकदम वाढून घ्या आणि सोबत जेवा. दुसऱ्यांदा वाढायचं नाही.”

“सोबत?” तात्याबा म्हणाला. “डॉक्टरसाहेब, बायांचं मागनं असतंय.”

“मागून काय असतं?”

“उरलेलं.”

“सगळं?”

“टाकायचं का मग?” सारजानं विचारलं.

“ते उरलेलंच अंगावर दिसतंय, बाई,” डॉक्टर म्हणाले, “आणि साखर बंद.”

साखर बंद, हे वाक्य त्या तालुक्यात बोलायला धाडस लागतं. तात्याबानं डॉक्टरकडं आदरानं पाहिलं.

गावात आल्यावर ते मोहनरावाच्या पेंडीच्या दुकानात गेले. डॉक्टरचे आकडे सारजाला कळले नव्हते. मोहनरावानं तिला पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं, गिऱ्हाइकं बाजूला सारली आणि निकाल दिला, “वैनी, एक सरकी पेंडीचं पोतं आणि वर एक पोसलेलं बोकड.”

“मला जनावराचं खाद्य म्हंतोस व्हय रं मुडद्या?”

“मापच तसलं हाय की, मी काय करू?”

पोतं तात्याबा अजूनही खांद्यावर घेऊ शके. म्हणजे प्रश्न फक्त बोकडाचा होता. शिवाय उचलणाराही धापा न टाकता चढायला हवा, पण त्याच्या वजनाला दुकानात माप सापडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तात्याबा चुलीपुढं बसून मेथी निवडू लागला. सारजा इतकी वर्षं डब्यातून तेल अंदाजानं ओती. तिचा अंदाज उदार होता. तात्याबा चहाच्या चमच्यानं मोजून घाली आणि कढईकडं असा बघे की जणू तीच चोरून पितेय. कांदा तेलाऐवजी पाण्याच्या हबक्यावर परतला की कसा लागतो हे दोघांना कळलं. वाईट लागतो. मटकीची उसळ, बाजरीची एकेक भाकरी, घेवडा, लोणी काढलेलं ताक. शेजारणी कुडावरून डोकावून जात. शंभूराज म्हणाला, “आबा, आत बसून चिरा की. पाव्हणे येत्यात, काय म्हंतील?”

“म्हंतील, म्हाताऱ्याला कांदा चिरता येतोय.”

कांद्याहून अवघड निघालं सोबत जेवणं. सारजा ताट घेऊन समोर बसली, पण तोंड भिंतीकडं करून. नवऱ्यादेखत घास तोंडात घालायचा तिला संकोच वाटे. तात्याबाला तिची पाठ दिसे आणि चटचट हलणारं कोपर. एवढ्या संसारात त्यानं तिला जेवताना पाहिलंच नव्हतं. ती भराभर जेवे, उकिडवी, एक पाय उठायच्या बेतात.

“अगं, कोण पाठी लागलंय?”

“सवय हाय.”

“हळू खा. डॉक्टर म्हणालाय.”

“म्हैस हंबारतीया.”

“हंबरू दे.”

असं आठवड्यामागून आठवडे चाललं. हळूहळू ती भिंतीपासून थोडी वळली. उरलेलं संपवायची तिची खोड मोडेना, तेव्हा दोघांनी रांधायचंच कमी केलं. कढई खरवडायला काही उरलंच नाही तर बाई तरी काय करणार. ती रिकाम्या कढईकडं बघत बसे आणि तात्याबा तिच्याकडं. दोघंही दमलेले, दोघांनाही भूक.

पण खरा घोळ घराबाहेर झाला. तात्याबानं वस्तीवर चहा नाकारला.

पहिला नाकारला मानसिंगाकडं. मानसिंग मोठा बागायतदार, ऊस तोडीला आलेला. तात्याबा म्हणाला, “चहा नको. डॉक्टरनं बंद केलाय.” मानसिंग हसला, पण आतून पांढरा पडला. चहा न घेणारा चिटबॉय त्यानं जन्मात पाहिला नव्हता. तात्याबाची लूना दिसेनाशी होताच तो बायकोला म्हणाला, “चहावर भागंना आता. तात्याचं पोट मोठं झालंया.” रात्रीच्या आत ही बातमी सगळ्या शिवारात गेली. दुसऱ्या दिवशी जिथं चहा नाकारला तिथं दूध आलं, दूध नाकारलं तिथं पेढे आले. पेढे नाकारताच माणसं काकुळतीला आली. संध्याकाळी मानसिंगाचा गडी डबा घेऊन घरी हजर. मटण, वर तर्री बोटभर.

“परत ने,” तात्याबा म्हणाला.

“मालक म्हणालं, परत आणलंस तर पाय मोडीन.”

अन्न परत धाडायची सारजाची छाती नव्हती, टाकायची तर नव्हतीच. ते खाल्लं गेलं. पुढच्या पंधरवड्यात मोहनरावाच्या काट्यानं सांगितलं की बोकड होतं तिथंच आहे, उलट गाभण असावं.

तात्याबानं प्रत्येकाला समजावलं. पाठ दाखवली, डॉक्टरची चिठ्ठी दाखवली. डॉक्टर म्हणजे काय, पैसे दिले की काहीही लिहितो, असं मानणाऱ्या माणसांवर तिचा काय परिणाम होणार? एका संध्याकाळी तो लूना भिंतीला टेकवून तिच्याच शेजारी खाली बसला.

“ऱ्हाऊ दे सारजा. ह्या लोकांफुडं म्या दमलो.”

सारजा भाकरी थापत होती. “डॉक्टरचं कोण ऐकतंय?” ती म्हणाली. “देवाचं नाव सांगा. जेजुरीला जाईस्तवर भायेरचं अन्न-पाणी बंद, नवस हाय म्हणा. खोटं काय हाय त्यात?”

खोटं काहीच नव्हतं. तात्याबानं दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं आणि सगळा शिवार एका दिवसात सुधारला. मानसिंगानं स्वतः कपाळाला हात लावला. “आदी सांगायचं न्हाय व्हय तात्याराव? आमी पापात पडलो असतो की!” कुणी पाण्याचा तांब्याही पुढं करेना. जानेवारीपासून तात्याबा घरची भाकरी फडक्यात बांधून नेऊ लागला आणि लूना घरी ठेवून चालू लागला. सारजा ओढ्यापर्यंत सोबत येई. चालता चालता दोघं बोलत नसत, दम पुरत नसे. रोज पहाटे तो पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन बिरदेवाच्या देवळाच्या पायऱ्या चढे, आणि देवळात पेंड कशाला, यावर पारावर चर्चा चाले.

चैत्र लागला. मोहनरावाच्या काट्यावर बोकडाचं करडू झालं होतं. त्याच्या खाली ते उतरेना.

“करडासकट जाऊ,” तात्याबा म्हणाला.

जेजुरीला उन्हं चढायच्या आत पोचले तरी पायऱ्या तापायला लागल्या होत्या. भोवती नवी जोडपी. पोरं बायकांना लीलया उचलत होती, बाया लाजत होत्या. तात्याबानं भंडारा कपाळाला लावला, वाकला आणि सारजाला उचललं. या वेळी खरंच उचललं. तिनं डोळे मिटून घेतले. पहिली पायरी गेली, दुसरी गेली. तिसरीला त्याला पेंडीचा वास आल्यासारखा वाटला. चौथीवरून पाचवीकडं पाऊलच उचलेना.

“ठेवा खाली,” ती कानाशी म्हणाली.

“गप.”

“ठेवा म्हंते ना. लगीन तोंडावर आलंय.”

त्याच्या हातातून ती घसरली, पायांवर उभी राहिली, आणि तो मागं कलंडणार तेवढ्यात तिनं त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला पाचवीवर ओढून घेतलं. दोघं तिथंच बसले. बराच वेळ नुसती धाप. तात्याबाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते घामाचं असल्याचं त्यानं दोनदा सांगितलं. सारजानं फडकं सोडलं. भाकरी, घेवडा, कांदा. येणारेजाणारे बघत होते. ती त्यांच्याकडं तोंड करून, मांडी घालून, सावकाश जेवली. मग उरलेल्या सगळ्या पायऱ्या दोघं चालत चढले.

दुसऱ्या दिवशी आक्का इंदापूरहून हजर. अंगणातूनच विचारलं, “झाल्या का गं पाच?”

“पाची झाल्या,” सारजा म्हणाली. तात्याबा चिरत असलेल्या कांद्याकडं बघत राहिला. आक्का समाधानानं लग्नाच्या साड्या बघायला आत गेली.

तासाभरानं मानसिंग आला, हातात डबा. झाकण असूनही तर्रीचा वास सगळ्या अंगणात. “तात्याराव, नवस फिटला म्हणं! आता तरी आमचा मान ठेवा.”

तात्याबानं डब्याकडं पाहिलं. मग सारजाकडं पाहिलं. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि तिच्याही.

“न्हाय वं दादा,” सारजा पदर सावरत म्हणाली, “एक पायरी राहिलीया.”

मानसिंगानं डबा पाठीमागं घेतला. तात्याबानं चिरलेला कांदा कढईत सारला आणि वर चहाच्या चमच्यानं तेल मोजलं.