झाळलेला तांब्या

मंडळी, भूत, भानामती, करणी असले विषय निघाले की मी उठून चहा सांगायला जाणारा माणूस आहे. इथले अनुभव मी वाचतो ते करमणूक म्हणून, आणि खाली चेष्टेच्या कमेंट टाकणाऱ्यांत माझंही नाव तुम्हाला सापडेल. तेव्हा आज माझी कुणी चेष्टा केली तर तक्रार नाही. फक्त शेवटपर्यंत वाचा...

मी सलीम, मूळचा नांदेडचा. आजोबा कल्हई करायचे, अब्बांनी भांड्यांचं दुकान टाकलं, आणि मी दुसरं दुकान लातूरला काढलं. लातूरला का, तर क्लासेस! गावोगावची पोरं डॉक्टर-इंजिनिअर व्हायला येतात, त्यांच्यासाठी गल्लोगल्ली होस्टेलं आणि मेस, आणि मेस म्हटली की ताटं-वाट्या आल्याच. भांड्यांत वाढल्यामुळे एक गोष्ट माझ्या अंगात मुरली आहे — आवाज. माझ्या पाठीमागे वाटी टाका. पितळेची की काशाची, धड की चिरलेली, न बघता सांगतो. फुशारकी मारत नाही, पुढे या गोष्टीचं काम पडणार आहे.

माझा जिवलग दोस्त बालाजी. लातूरच्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. त्याचं गाव औशाच्या पलीकडे, त्र्याण्णवच्या भूकंपात पूर्ण गेलेल्या गावांपैकी एक. त्या रात्री त्याचे वडील आणि धाकटी बहीण गेली. तो आणि त्याची आई तेवढे निघाले. पुढे नवीन जागी गाव वसलं, यांना पक्कं घर मिळालं. पण माय — आम्ही सगळेच तिला माय म्हणतो — त्या घरात धान्य ठेवायची आणि स्वतः शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपायची. बरीच वर्षं गेली तरी स्लॅबखाली पाठ टेकली नाही.

तिच्या उशाशी एक पितळी तांब्या असायचा. रिकामा. त्याच्या तोंडावर पितळेचाच पेला पालथा घातलेला. भूकंपानंतर त्या भागात घरोघरी ही पद्धत पडली होती. जमीन जराशी हलली तरी पेला तर्रर्र वाजतो, मग उठायचं आणि पळायचं. बाकीच्यांची सवय हळूहळू सुटली. मायची सुटली नाही. दुसरी खोड म्हणजे मांजर. दारात मांजर दिसलं की ही बाई हातात असेल ते फेकून मारायची. एवढी मायाळू बाई मांजराच्या का जिवावर उठते म्हणून आम्ही तिला चिडवायचो. ती कामाला लागायची.

त्या वर्षी बालाजीच्या बायकोला, सुनीताला, दिवस गेले होते. आधी एकदा सगळं अर्ध्यात गेलेलं, त्यामुळे डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलेलं. तिला स्वतःची आई नाही. घरात कुणीतरी बाईमाणूस हवं होतं आणि ते म्हणजे माय. पण फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दिवाळीला माय आली, उशाशी तांब्या ठेवला, आणि गच्चीवरची पाण्याची मोटार सुरू झाली की पेला वाजायचा. दर वेळी माय सगळ्यांना उठवून खाली रस्त्यावर न्यायची. पोटुशी सुनीता जिने उतरतेय, चढतेय... शेवटी बालाजी तिच्यावर ओरडला. माय दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गावी निघून गेली. तेव्हापासून बालाजीचं जेवणात लक्ष नव्हतं.

आता येळवस. बाहेरच्यांसाठी सांगतो — वेळ अमावस्या. हिवाळ्यात येते. त्या दिवशी लातुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, क्लासला सुट्टी, सगळं शहर शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, करायची, आत पाच पांडव म्हणून दगड मांडायचे, पूजा करायची, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली गारेगार आंबील. वाटेवरून जाणाऱ्या माणसालाही हाक मारून जेवायला बसवायचं. त्या वर्षी ती नेमकी रविवारी आली. आमचा तिसरा दोस्त व्यंकट, देवणीचा, त्याच क्लासात बायोलॉजी शिकवतो. त्याने ट्रेकिंगसाठी मोठा तंबू घेऊन ठेवलेला आणि ट्रेक काही होत नव्हता. तो म्हणाला, शनिवारीच जाऊ आणि बालाजीच्या शेतात कॅम्पिंग करू. कापडाखाली झोपायचं म्हटल्यावर माय फोनवर इतकी खूश झाली की काय सांगू. शिकलेली माणसं आता कुठं शहाणी झाली, असं म्हणाली.

बालाजीने मला बाजूला घेतलं. त्याची युक्ती अशी की पेला तांब्यावर पक्का बसवून टाकायचा. वाजणार नाही, मायला शांत झोप लागेल, आणि एकदा झोपेची सवय झाली की तिला लातूरला नेता येईल. हे काम माझ्याशिवाय कोण करणार? मी दुकानातला छोटा गॅस, झाळायला लागणारा नवसागर आणि कथील घेतलं. शनिवारी संध्याकाळी माय सुनीताला घेऊन नव्या गावात स्वयंपाकाच्या तयारीत होती आणि अंथरुणं आणि तांब्या तिने आमच्याबरोबर पुढे शेतात पाठवला होता. व्यंकट सरपण आणायला गेला. मी बांधावर बसून कथील वितळवलं, पेल्याच्या काठाखालून चौफेर झाळ फिरवली आणि सांधा बुजवून टाकला. वरून काही दिसत नव्हतं. हलवून, आपटून, कानाशी धरून बघितला — दोन भांड्यांचं एक भांडं झालं होतं.

तंबू विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली ठोकला, कारण त्या शेतात सावली तेवढीच. विहीर जुनी, दगडी बांधणीची. भूकंपात तिची एक बाजू फुगली होती, पण इतक्या वर्षांत काही झालं नाही म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही. रात्री सासू-सून तंबूत, आम्ही तिघं कोपीजवळ. मायला गाढ झोप लागली. सकाळी बालाजीने माझ्याकडे बघून डोळा मारला, आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झालेला बघून मलाही बरं वाटलं.

दुपारी पूजा झाली. शेताच्या कडेने फिरत आंबील शिंपडून झाली. पंगत बसली. वाटेवरचे दोन पाहुणे जेवून गेले. सुनीताला जड वाटायला लागलं म्हणून ती तंबूत जाऊन आडवी झाली. मायने तिच्या अंगावर चादर घातली, उशाशी तो तांब्या ठेवला — सणाचा घासून लखलखीत केलेला — आणि ती परत येऊन आम्हाला वाढायला लागली. ऊन छान होतं. वारा म्हणाल तर पान हलत नव्हतं.

तर्रर्र...

मी मान वर केली. आधी वाटलं, कानाचा भास. मग पुन्हा आला, आणि थांबेचना. व्यंकटला आमच्या उद्योगाची काही कल्पना नव्हती. तो घास चावत सहज म्हणाला, "माय, तुझा तांब्या वाजायलाय की."

बालाजीने माझ्याकडे बघितलं. झाळ सुटली का, असं त्याला विचारायचं होतं. मी मानेनेच नाही म्हटलं. झाळ सुटली असती तरी पेला हलवणार कोण? माझ्यासमोर वाडग्यात आंबील होती, तिच्यावर साधा तरंग नव्हता. पण आवाज तोच होता, मोकळ्या पितळी काठावर मोकळं पितळ नाचतं तो. आयुष्यभर ऐकलाय, चुकणार नाही.

मायच्या हातातली पळी खाली पडली होती. ती तंबूकडे पळत होती. आत शिरून तिने सुनीताला दोन्ही दंडांना धरलं. सुनीता अर्धवट झोपेत, अंगाने जड, तिला उठता येईना. बालाजी मागोमाग धावला, पण तो सुनीताला वाचवायला नाही, मायला अडवायला! तिला धक्का लागेल, सोड तिला, काही झालेलं नाही, असं तो ओरडत होता. त्याने मायचा हात धरला. मायने तो झटकला आणि एवढंच म्हणाली, "बाला, पाय धर तिचे."

त्या स्वरात काय होतं कोण जाणे... त्याने मुकाट्याने पाय धरले.

मीही मागोमाग येऊन तंबूत वाकलो होतो. तांब्या उशाशी उभा होता. वाजणाऱ्या भांड्याला गप्प करायला आपण वरून हात ठेवतो, तसा मी ठेवला. आणि मंडळी, इथे माझी अक्कल संपते. हाताला काहीच लागलं नाही. थरथर नाही, काही नाही. भांडं थंडगार, दगडासारखं स्थिर — आणि आवाज चालूच. माझ्या पंजाखालून. मी तो तांब्या काखेत मारला आणि त्यांच्यामागे पळालो. काखेतही तो वाजत होता. सुनीताला उचलून कोपीपाशी नेऊन ठेवलं, आणि आवाज बंद झाला.

मग काहीच झालं नाही. आम्ही उभे. सुनीता पोट धरून रडत होती. बालाजीचा संताप अनावर झाला. जे दिवाळीत बोलला नव्हता तेही बोलून गेला — तू माझं लेकरू मारशील एक दिवस, असं आईला म्हणाला. माय ऐकून घेत होती. तिची नजर त्याच्याकडे नव्हती, तंबूकडे होती. मीही तिकडे बघितलं, म्हणून मला दिसलं. कडुलिंब हळूच विहिरीकडे कलला. मग दाण्याचं पोतं ओतावं तसा आवाज झाला आणि विहिरीचा तो सगळा काठ, झाड, तंबू, अंथरुणं घेऊन खाली गेला. मागे नुसती धूळ. शेजारच्या शेतांतली माणसं भरलं ताट सोडून धावत आली.

बालाजी जमिनीवर बसला. माय त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. सुनीता सुखरूप होती. त्याच संध्याकाळी तिला लातूरला डॉक्टरांकडे आणलं, आणि माय न विचारता गाडीत बसली.

दवाखान्यात सगळं ठीक आहे कळल्यावर मी आणि माय बाहेर बाकावर बसलो. तांब्या माझ्याच पिशवीत होता. मी तो काढून दिव्याखाली धरला. झाळ चौफेर शाबूत, केसाएवढी फट नाही. मला राहवेना. मी तिला सगळं सांगायला लागलो, तर ती म्हणाली, "ठाव हाय मला. सकाळी चिंच लावून घासाया बसले तवा पेला निघंना." सणाला भांडी कोण घासतं, हे आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी विचारलं, ठाऊक होतं तर रागावली का नाहीस? तर म्हणे, पोरानं मला झोप लागावी म्हणूनच केलं असंल.

"मग माय, वाजणार नाही हे ठाऊक असून तू पळालीस कशी?"

ती हळू आवाजात बोलली.

"त्या राती फळीवरची भांडी आधी वाजली व्हती सलीम. म्या जागी व्हते. म्या म्हणले, मांजर असंल. आन् कूस बदलली." तिने पदर तोंडाला लावला. "दिवाळीपासनं मला माझाच इस्वास ऱ्हायला न्हवता. आज पेला मोकळा असता तर आजबी तसंच म्हणले असते... दिवसाढवळ्या, वारा असंल, मांजर असंल. झाळल्यालं भांडं मांजर कसं वाजविल रं?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आम्ही मांजरावरून तिची चेष्टा करत होतो.

सुनीताला मुलगी झाली. माय आता तिसऱ्या मजल्यावर राहते, नातीला कुशीत घेऊन स्लॅबखाली झोपते. उशाशी काही ठेवत नाही. तांब्या तिने मला देऊन टाकला. व्यंकट म्हणतो, जमीन खचायच्या आधी बारीक कंप सुटले असतील, त्याने वाजला. काठ ढासळला त्याचं कारण ते असेलही, मी नाकारत नाही. पण एकजीव भांडं मोकळं होऊन कसं वाजलं? माझ्या हाताखाली कंप नव्हता तर मी काय ऐकलं? अब्बांना दाखवला, त्यांनी टिचकी मारून परत दिला, म्हणाले, हा तर मुका आहे. कुणाकडे उत्तर असेल तर खाली लिहा.

तो तांब्या दुकानात गल्ल्यामागे ठेवलाय. त्या दिवसानंतर एकदाही वाजला नाही. पण घरी रात्री स्वयंपाकघरात काही खुट्ट झालं, की बायको झोपेतच पुटपुटते, मांजर असेल, झोपा. मी उठतो. आधी पोरांना उठवतो, मग बघायला जातो.