ओळीबाहेरची अर्चना

“मॅडम, ही पोरगी ओळीबाहेर हाये,” असे म्हणून शेठजींनी माझ्या टेबलावर कागद पसरला. “हिचा प्रोबेशन संपून राह्यला. मी काही पक्कं करायच्या लेटरवर सही करनार न्हाई.”

कागद मीच छापलेला होता. त्यावर पेनाने एक उभी रेघ मारलेली होती. रेघेच्या डाव्या बाजूला सचिनच्या कामाच्या खुणा होत्या आणि उजव्या बाजूला अर्चनाच्या. अर्चनाच्या प्रत्येक नावावर शेठजींनी नीट फुली मारली होती.

मी शेठजींच्या जालन्यातल्या बियाणे कंपनीत सॉफ्टवेअरचे काम पाहते. त्याआधी जाफराबादच्या एका शाळेत गणित आणि संगणक शिकवत असे. कंपनीतल्या आमच्या खोलीत तीन माणसे आहेत. मी, सचिन आणि अर्चना. अर्चना अंबड तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज जीपने येत असे. नोकरी पक्की होणार या भरवशावर तिने जालन्यात खोली ठरवली होती. जीपमधली खिडकीची जागासुद्धा गावातल्या एका मुलीला देऊन टाकली होती. ज्यांनी सकाळच्या जीपने प्रवास केला आहे, त्यांना या त्यागाचे मोल समजेल.

आता त्या कागदाविषयी सांगणे भाग आहे.

प्रोग्राम लिहिताना एक पायरी पूर्ण झाली की आम्ही तिची नोंद करतो. तिला कमिट म्हणतात. फळ्यावरच्या गणिताची प्रत्येक पायरी झाली की तिचा फोटो काढून ठेवावा, तसे हे असते. दोन माणसे एकाच वेळी वेगवेगळ्या पायऱ्या लिहितात, तेव्हा इतिहासाच्या दोन वाटा होतात. पुढे त्या जोडाव्या लागतात. त्या जोडाला मर्ज म्हणतात. हा सगळा इतिहास संगणक साध्या अक्षरचिन्हांनी काढून दाखवतो. एक चांदणी म्हणजे एक कमिट. उभ्या आणि तिरप्या रेघा म्हणजे वाटा. सर्वांत नवे काम सर्वांत वर.

शेठजी स्क्रीनवर विश्वास ठेवत नाहीत. त्यांचे घराणे राजस्थानातून येऊन जालन्यात स्थिरावले, त्याला कित्येक पिढ्या झाल्या. या सर्व पिढ्यांनी कागदच वाचला. म्हणून दर सोमवारी मी गेटपासच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर हा आलेख छापून देते. त्या सोमवारचा कागद थोडक्यात असा होता:

*   सचिन, मर्ज
|\
| * अर्चना
| * अर्चना
| * अर्चना
* | सचिन
* | सचिन
|/
*   मी

“सचिन बघा, कसा सरळ एका ओळीत चालला,” शेठजी म्हणाले. “अन् ही बाजूला उगवली. प्लॉटमधे ओळीबाहेर उगवलं, तर आपन काय करतो?”

“उपटतो,” मी म्हणाले.

“मंग?”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये नर वाणाच्या आणि मादी वाणाच्या वेगळ्या ओळी पेरतात. ओळ सोडून मध्येच उगवलेले रोप मागच्या हंगामात सांडलेल्या बियाचे असू शकते. त्याचे पराग मिसळले, तर सगळ्या बियाण्यात भेसळ होते. म्हणून असे रोप फुलावर येण्याआधी उपटून टाकतात. शेठजींनी आयुष्यभर हेच केले होते. त्यांची नजर त्यात इतकी तयार आहे, की चालत्या गाडीतूनही त्यांना असे रोप दिसते. दुर्दैवाने त्या दिवशी ते माझ्या कागदावर दिसले.

“शेठजी, लॅबमधला उगवण चाचणीचा रिपोर्ट अर्चनाने केलेला आहे,” मी म्हणाले. “तुम्ही तो रोज वाचता.”

“तुमी शिक्षक मानसं. तुमाला सगळेच पोरं हुशार वाटतेत. कागद काय म्हनतो ते बघा.”

मी सचिनला विचारले, “तू शनिवारी नेमके काय केलेस?”

“काहीच न्हाई मॅडम. मी बरेच दिवस माझ्या मशीनवरच काम करून राह्यल्तो. शनिवारी फक्त पुल केल्तं अन् मंग पुश.”

“फक्त?”

“बिलकुल तेवढंच. घरी जायची जल्दी होती.”

अर्चना फुल्या मोजत होती.

सचिनचे खरोखरच काही चुकले नव्हते. पुल म्हणजे कंपनीच्या सामाईक प्रतीतले काम आपल्या मशीनवर आणणे. पुश म्हणजे आपले काम तिकडे पाठवणे. अर्चनाचे काम सामाईक प्रतीत आधीच गेलेले होते. सचिनने ते आपल्याकडे ओढले, तेव्हा जोड त्याच्या मशीनवर लागला. अशा जोडाला दोन पालक असतात. ज्याच्या वाटेवर उभे राहून जोड लावला, तो पहिला पालक. बाहेरून आणलेला, तो दुसरा. आलेख काढताना संगणक पहिल्या पालकाला सरळ खाली नेतो आणि दुसऱ्याला उजवीकडे सरकवतो. यात कामाचा दर्जा कोणी तपासत नाही.

हे मी शेठजींना समजावले. त्यांनी मान हलवली. ती मान मी शाळेत पुष्कळ वर्षे पाहिलेली आहे. ती मागच्या बाकावरची मान होती.

तेव्हा मी प्रात्यक्षिकाचा मार्ग घेतला.

“शेठजी, पाच मिनिटे बसता का? तुमच्या हातून कमिट करवून घेते.”

“माझ्या हातून?” शेठजींनी चष्मा पुसला. त्यांना हा प्रस्ताव मनापासून आवडला होता.

मी एक कोरा प्रकल्प उघडला आणि त्यात पहिली कमिट स्वतः केली. माझ्या आणि अर्चनाच्या मशीनवर तिची प्रत घेतली. मग शेठजींनी माझ्या मशीनवर एका बोटाने ‘कपाशी’ असे लिहिले. कमिट केले. मग ‘मका’. मग ‘बाजरी’. प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मी “बरोबर” म्हणाले. शेवटी सगळे सामाईक प्रतीत पाठवले. तिकडे अर्चनाला मी दोनच कमिट करायला सांगितल्या.

“काय लिहू मॅडम?”

“काहीही लिही.”

तिने ‘चहा’ लिहिले आणि मग ‘बिस्कीट’ लिहिले.

“आता सचिनने शनिवारी केले तेच कर,” मी म्हणाले. “आधी पुल, मग पुश.”

प्रिंटर खडखडला. शेठजींनी कागद स्वतः फाडून घेतला. आपली कपाशी छापील स्वरूपात पाहण्याची त्यांना उत्सुकता होती. त्यांचे बोट वरच्या जोडापासून सरळ खाली आले आणि थांबले.

“ही सरळ ओळ कुनाची?”

“अर्चनाची. चहा आणि बिस्कीट.”

“अन् माझी कपाशी?”

“उजवीकडे आहे, शेठजी. मका आणि बाजरीसुद्धा.”

“म्हंजे मी…”

“ओळीबाहेर.” मी पेन पुढे केले. “फुली तुम्ही मारता, की मी मारू?”

सचिनला अकस्मात खोकला आला आणि तो पाणी पिण्यासाठी बाहेर गेला. अर्चनाने ओढणी तोंडाशी धरली. शेठजी कागदाकडे बघत राहिले. माझी नोकरी पक्की होती, पण इतकीही पक्की नव्हती, हे मला तेवढ्या वेळात नीट समजले.

मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो मी शिकवलेल्या कोणत्याही वर्गाने विचारला नव्हता.

“मॅडम, या क्रॉसमधे मादी कुनाला धरली?”

संकराची वंशावळ लिहिताना मादी वाणाचे नाव आधी लिहितात आणि नराचे नंतर. बियाण्याच्या धंद्यात हा क्रम कोणी मोडत नाही. मी अर्धा तास जे पालक पालक म्हणून समजावत होते, ते त्यांच्या घरात रोजच्या बोलण्यातले होते.

“अर्चनाला,” मी म्हणाले. “जिच्या मशीनवर जोड लागला, तिला मादी धरले.”

“अन् मी नर झालो. म्हनून सरकवलं मला!” त्यांनी टेबलावर हात मारला. “मंग शनिवारी सचिननं क्रॉस उलटा लिहिला ना. कंपनीची लाइन मादी पाहिजे. मानसानं आपलं काम तिच्यावर आनून जोडलं पाहिजे.”

मला यात एकही शब्द दुरुस्त करायचा नव्हता.

“उलटा करून दाखवा,” शेठजी म्हणाले.

मी अर्चनाचा जोड काढून टाकला, सामाईक वाटेवर उभी राहिले आणि तिचे काम त्यावर जोडले. पुन्हा छापले. आता कपाशी, मका आणि बाजरी डावीकडे ताठ उभी होती. चहा-बिस्कीट उजवीकडे गेले होते.

“माल बदलला का?”

“नाही. आतला मजकूर तोच आहे. चांदण्याही तेवढ्याच.”

“आमच्यात उलट्या क्रॉसनं कधीकधी माल बदलतो, मॅडम.”

“इथे फक्त चित्र बदलते.”

“म्हंजे तुमचा धंदा सोपा हाये,” शेठजी समाधानाने म्हणाले. त्यांनी अर्चनाकडे पाहिले. “उगवनीचा रिपोर्ट तू केला?”

“हो, शेठजी.”

“त्यात तारीख बारीक दिसती. मोठी कर.”

“करते.”

“अन् मला आधी का न्हाई सांगितलं?”

“तुम्ही फुल्या मारून राह्यल्ते, शेठजी,” अर्चना म्हणाली. “मधी कसं बोलावं?”

त्यांनी लेटरवर तिथेच सही केली. पेन माझेच होते. अर्चना जालन्याच्या खोलीवर राहायला आली. सचिनने ‘मादी आधी’ असे दोन शब्द मोठ्या अक्षरात छापून आमच्या भिंतीवर लावले. बाहेरून येणारे लोक ते वाचून थोडे बिचकतात. समजावण्याचे काम सचिनकडेच दिले आहे.

इथे प्रकरण संपायला हवे होते. पण शेठजींना त्या आलेखाची गोडी लागली. काही दिवसांनी ते शेठाणीबाईंना घेऊनच आमच्या खोलीत आले.

“मॅडम, आमच्या खानदानाचा असा कागद काढून द्या. चांदन्यावाला. बैठकीत लावू.”

“नियम तोच ठेवायचा ना?” मी विचारले. “मादी आधी?”

“बिलकुल. नियम म्हंजे नियम.”

मी नियम काटेकोरपणे पाळला. सर्वांत वर त्यांचा मुलगा. त्याच्याखाली सरळ ओळीत शेठाणीबाई, त्यांच्याखाली त्यांच्या आई, मग आजी. शेठजी आणि त्यांचे वडील, आजोबा उजवीकडे तिरप्या रेघेने जोडलेले होते.

शेठजींनी कागद हातात घेतला. बोट वरून निघाले, सरळ खाली उतरत सासुरवाडीला पोचले आणि थांबले.

“मॅडम, हे…”

“बराबर हाये,” शेठाणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद गुंडाळून पिशवीत घातला.

या सगळ्यातून मी एक पथ्य घेतले आहे. कोणाचे काम सरळ आणि कोणाचे वाकडे, हे आलेखावरून ठरवण्याआधी जोड कोणाच्या टेबलावर लागला, एवढे विचारून घ्यावे. खानदानाचा आलेख आता फ्रेममध्ये बसवून शेठजींच्या बैठकीत लागला आहे. अर्चना एकदा रिपोर्ट द्यायला त्यांच्या घरी गेली होती. ती सांगते, की शेठजी पाहुण्यांना हल्ली त्या भिंतीकडे पाठ करूनच बसवतात.