पाकळी पडली नाही तेव्हा

मानेतली गाठ दुखत नव्हती, हेच मला खटकत होतं. मुलुंडला एका कँटीनमध्ये मी भजी तळतो. गळ्यातल्या पंच्याने घाम पुसताना ती हाताला लागली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टर मॅडम म्हणाल्या, लिम्फोमा आहे, एक प्रकारचा कॅन्सर, पण सावकाश वाढणारा. सध्या त्रास नाही, तर औषध आत्ता नको, थांबूया, तीन महिन्यांनी या. कॅन्सर आहे आणि औषध नको? मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. मला वाटलं, आपल्यात काही राहिलं नाही म्हणून घरी पाठवतायत.

तरी विचारलंच, "मॅडम, किती वर्षं?" त्यांनी पाच गोष्टी बोटांवर मोजल्या: वय, हिमोग्लोबिन, गाठी किती ठिकाणी, आजार कुठवर पसरलाय आणि रक्तातली एक तपासणी, तिचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही. "तुमचे पाचात दोन. मधला गट."

"म्हणजे इथे कमी मार्क चांगले?"

त्या हसल्या. "हो. पण हा अंदाज गटाचा. तुमच्यासारख्या पुष्कळ लोकांचं काय झालं, ते यातून कळतं. तुमचं एकट्याचं नाही."

मग माझं एकट्याचं कोणाला कळतं? याचं मला भारी कुतूहल वाटू लागलं. तळताना घाणा करपायचा. शेवटी कोकणात थोरल्या भावाला फोन केला, म्हटलं देवाला कौल लाव, दोन प्रश्न विचार: किती वर्षं, आणि गावी यावं का. आमच्याकडे गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी मनाशी ठरवलं होतं, देव होय म्हणाला तर नोकरी, तपासण्या सगळं सोडून गावच्या झाडपाल्याच्या औषधाला लागायचं. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

रविवारी दुपारी भावाचा फोन आला. "तुझो पयलो प्रश्न गुरवान घेतलोच नाय. म्हणता, किती वर्षां ह्यां देवाक विचारूचा नसता."

"आणि गावी येण्याचं?"

"अरे, तासभर बसलो. पाकळी हलाक नाय, उजवी नाय नि डावी नाय. गुरव म्हणता, देवाक घाई नाय, तुकाच कित्याक? थांब म्हणता तो."

मी पिशवीकडे बघत बसलो. मॅडमचा शब्द तोच होता, थांबूया. दोघांची कधी गाठभेट नाही. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. पाकळी ओली होती म्हणून चिकटली असेल, असंही कोणी म्हणेल. मी एवढंच सांगतो, त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. पिशवीतले कपडे काढून परत दोरीवर टाकले.

तीन महिन्यांनी गेलो. ताप नाही, वजन तेवढंच, गाठ तेवढीच. मॅडम म्हणाल्या, "अजून थांबूया," आणि मला हसू आलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, "आमच्या देवाचंही हेच मत आहे." त्या म्हणाल्या, "मग त्यांना सांगा, ताप आला किंवा वजन उतरलं तर मात्र लगेच यायचं."

ते मी भावाकरवी खरंच सांगितलं. नारळही ठेवायला लावला. गाठ आहे, भीती अधूनमधून येते. पण 'किती' हा प्रश्न मी देवाच्या पायाशी सोडलाय. आता तारीख विचारतो ती फक्त पुढच्या तपासणीची.