समोर नसेल ती मरते

ती घटना मी विसरलो, असं बरीच वर्षं सांगत आलो. सेवेतल्या चांगल्या तपासांबद्दल कुणी विचारलं की ही केस मी बाजूला ठेवायचो. खरं तर ती उघडकीस आलेली केस. गाडी मिळाली, कुणावर हात उगारावा लागला नाही, वरिष्ठांनी शाबासकी दिली. तरीही ती आठवते, आणि नको तेव्हा आठवते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता काही काळ झालाय, तेव्हा लिहून टाकतो. नावं कुणाचीच देणार नाही.

त्या वेळी मी कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे शोध पथकाचं काम पाहत होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. पथकातले जुने हवालदार टोपी काढूनच आत आले. ते टोपी काढून आले की समजायचं, काहीतरी मोठं आहे.

"साहेब, खबऱ्याचा फोन हाय. दोन खून."

खबऱ्या म्हणजे चहाच्या गाड्यावरचा एक माणूस. त्याच्या गाड्यापाशी एक व्हॅनवाला मोबाईलवर बोलत उभा होता. खबऱ्यानं ऐकलं ते असं: "जुन्या दोघी मारल्या. आता नवीच तेवढी जिवंत हाय. त्या परत गावल्या तरी कायबी बिघडत न्हाय."

"दोन बायका, साहेब. दोन," म्हणून हवालदारांनी बोटंही दाखवली.

तासाभरात व्हॅनसकट माणूस ठाण्यात आला. व्हॅनच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं: 'कोणत्याही गाडीची चिपवाली चावी जागेवर बनवून मिळेल.' खाली त्याचं नाव आणि मोबाईल नंबर. कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुसलमान कारागीर घरातला हा माणूस. आजोबा आणि वडील कुलपं दुरुस्त करायचे. ह्यानं लॅपटॉप आणि स्कॅनर घेतला आणि गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन काम करायला लागला.

"कुणा दोघी मारल्यास?" हवालदारांनी विचारलं.

"चाव्या, साहेब."

"आँ?"

"चाव्या. मी दोन्ही मारल्या म्हटलो. दोघी कवा म्हटलो?"

मग त्यानं समजावलं. हल्लीच्या चावीत चिप असते. कोणकोणत्या चाव्या आपल्या, हे गाडीचा कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. चावी हरवली की त्यातल्या सगळ्या ओळखी पुसायच्या आणि समोर असतील तेवढ्याच चाव्यांची नव्यानं नोंद करायची. मग हरवलेली दारात घातली तर फिरेल, पण इंजिन चालू होणार नाही. "आमच्या धंद्यात त्याला मारणं म्हणतात. वळखती ती जिवंत, पुसली ती मेली."

"आणि चावी बाई असती व्हय रं?"

"मराठीत तरी बाईच हाय की, साहेब."

अख्खं ठाणं हसलं. मीही हसलो. तो उठला. "येऊ का मग? शिरोलीला गिऱ्हाईक खोळंबलंय."

तेव्हाच त्याला जाऊ द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "बस जरा."

कारण सांगतो. काही दिवसांपूर्वी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीमालकाची मोठी गाडी घराच्या दारातून गेली होती. काच फुटली नव्हती, अलार्म वाजला नव्हता. चिपच्या चावीशिवाय अशी गाडी हलत नाही, आणि चिपच्या चाव्या बनवणारा माझ्यासमोर बसला होता. दुसरंही कारण होतं, तेही आज सांगतो. त्याचं नाव ऐकल्यावर माझा संशय जरा लवकरच पक्का झाला. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

"त्या गाडीचं काम तू केलंस?"

"केलं की. मालकांची एक चावी हरवली व्हती. मी नवी करून दिली."

"आणि हरवलेली मारली?"

"न्हाय. मी म्हटलं मारूया. घरातनं नको म्हणले."

मालकांना बोलावलं. ते आले ते तापलेलेच.

"मालक, आठवा की," चावीवाला म्हणाला. "वैनी बी व्हत्या दारात."

"मला कुणी कायबी इचारलं न्हाय," मालक माझ्याकडे वळले. "साहेब, ह्यालाच धरा. किल्ली करायला येतोय आन्‌ एक आपल्यापाशी ठेवतोय."

धंद्यातल्या माणसाला आपली चूक कबूल करणं जड जातं, त्यातून विमा कंपनीला उत्तर द्यायचं असेल तर अधिकच. हे मला ठाऊक होतं. तरी वजन मी मालकांच्याच शब्दाला दिलं. चावीवाल्याला चौकशीसाठी बसवून ठेवलं. 'बसवून ठेवणं' हा आमचा खास शब्द. कागदावर त्याची नोंद नसते, बाकड्यावर माणूस असतो.

संध्याकाळी एक वार्ताहर आला. "साहेब, काय इशेष?" म्हणाला. गाडीचोरीवरून आमच्यावर टीका चालली होती, सांगायला काहीतरी हवंच होतं. मी म्हणालो, "एक चावीवाला ताब्यात आहे." त्यानं अंगणातल्या व्हॅनचा फोटो काढला. सकाळच्या पेपरात तो छापून आला; नाव, नंबर, सगळं स्वच्छ दिसत होतं. ताब्यात घेणं आणि अटक करणं यांत फरक आहे, पण तो आमच्या भाषेत. गल्लीच्या भाषेत दोन्हींचा अर्थ 'पोलिसांनी उचलला' एवढाच.

दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या घरी गेलो. मालक कारखान्यावर होते. घरच्या बाईंनी चहा ठेवला. मी सहज विचारलं, "गाडीच्या किल्ल्या एकूण किती?"

"एक हरवली. एक नवी ह्यांच्यापाशी. आन्‌ एक देवाची."

"देवाची?"

त्यांनी देवघर दाखवलं. जोतिबाच्या तसबिरीपुढं गाडीची किल्ली होती, तिच्या खाचांत गुलाल बसलेला. गाडी घेतली तेव्हा डोंगरावर नेऊन जोतिबाच्या पायाला लावलेली, तेव्हापासून तिथंच.

"मग ही वापरत नाही?"

"देवाची किल्ली वापरत्यात व्हय?"

"चावीवाला तुमच्याशी काय बोलला होता?"

त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तो म्हटला, सगळ्या किल्ल्या बाहेर आणा, समोर नसंल ती मरती. ही आणली तर वाचंल, हरवलेली तेवढी मरंल. म्या म्हटलं, बाबा, देवघरातली हलवणार न्हाय, आन्‌ ती मारायचं तर नावच काढू नगंस. जोतिबाच्या पायाची किल्ली मारत्यात व्हय? ह्यास्नी बी पटलं."

म्हणजे चावीवाला खरं बोलत होता. त्यानं 'मारणं'ऐवजी 'पुसणं' म्हटलं असतं, तर कदाचित ही गाडी गेलीच नसती. देवाची किल्ली जगवण्याच्या नादात हरवलेलीही जिवंत राहिली होती, आणि ती कुणाच्या तरी खिशात होती.

निघताना बाईच म्हणाल्या, "हरवली त्या दिवशी गाडी पुतण्याकडं व्हती."

पुतण्याला बोलावलं. तेवीस-चोवीस वर्षांचा, केस बसवलेले, बोलायला गोड. मी आवाज चढवला नाही. पाणी दिलं आणि म्हणालो, "तीन किल्ल्या आहेत. एक देवघरात, एक काकांकडे. तिसरी कुठाय?" "मला काय ठावं?" म्हणाला, पण उजवा हात पँटच्या खिशाकडे गेला. माणसाची जीभ खोटं बोलायला शिकते. हाताला ते शिकायला वेळ लागतो.

गाडी मलकापूरजवळ त्यांच्या पाव्हण्यांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली मिळाली. "चोरी न्हाय साहेब," पुतण्या म्हणाला. "काका कारखान्यात वाटा देईना. म्हटलं, गाडी तरी न्यावी."

मालक माझ्या केबिनमध्ये आले, तेव्हा आवाज पार खाली आला होता. "साहेब, घरातलं हाय. पोराचं लगीन ठरतंय. बाहेर जायला नको." गाडी मिळाली होती, तक्रार गैरसमजातून झाली असा जबाब द्यायला ते तयार होते. 'सी समरी', म्हणजे तक्रार गैरसमजातून झाली असा अहवाल, कोर्टाला पाठवून प्रकरण मिटवायचं ठरलं. मी त्यांना शब्द दिला, बाहेर काही जाणार नाही. चावीवाला तेव्हा भिंतीपलीकडे बाकड्यावरच होता. त्याला आत बोलवावं असं आम्हा दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. दुपारी हवालदारांनी त्याला सांगितलं, "जा आता, सुटलास."

काही आठवड्यांनी तो ठाण्यात आला. उभाच राहिला.

"साहेब, पेपरात एवढं द्या की, ह्याचा काय संबंध न्हाय म्हणून. लोक फोन करत्यात, नाव इचारत्यात, आन्‌ ठेवत्यात. चावीवाल्यावरचा इस्वास गेला तर ऱ्हातंय काय?"

मी म्हणालो, "बघतो."

पाहिलं काहीच नाही. त्याचा संबंध नाही म्हटलं की, मग संबंध कुणाचा, हे विचारलं जाणार. मालकांना दिलेला शब्द मोडला असता. त्याला मी शब्द दिलाच नव्हता, त्यामुळे मोडायचा प्रश्न नव्हता. असा हिशेब मी तेव्हा मनात मांडला, आणि तो मला पटलाही. पुढे ती व्हॅन शहरात दिसली नाही.

अलीकडेच रत्नागिरी रस्त्यानं येताना मलकापूरच्या पुढे चहाला थांबलो आणि माझी किल्ली हरवली. हॉटेलवाल्यानं कुणाला तरी फोन लावला. मोटारसायकलवरून माणूस आला, पाठीला पिशवी. केस पिकले होते. मी ओळखलं. त्यानंही ओळखलं असावं, पण दाखवलं नाही.

"दुसरी किल्ली कुठाय?"

"घरी. कोल्हापुरात."

"हरवलेली मारायची म्हटलं तर ती बी मरंल. समोर नसंल ती मरती, साहेब."

मी मान डोलावली. त्याचं स्कॅनरचं काम चालू होतं आणि मला माझी केबिन दिसत होती: मालक, मी, आणि भिंतीपलीकडचा बाकडा.

काम झालं. किल्ली हातात देण्याआधी त्यानं आरसी बुक पाहिलं आणि मोबाईलचा कॅमेरा माझ्यावर धरला.

"आता सगळ्यांचंच घेतो. एवढं बोला, गाडी माझी हाय आन्‌ मी बोलावलंय."

मी ते बोललो. आणि थांबलो नाही. हा माणूस निर्दोष होता, मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो, हेही कॅमेऱ्यात बोललो. त्यानं मोबाईल खाली घेतला.

"हे मला कशाला सांगताय? मला ठावंच हाय की. हे तवा बोलायचं व्हतं, ज्यास्नी ठावं न्हवतं त्यांच्यापुढं."

"आता लिहू का?"

"लिवा. पर माझं नाव घालू नका. नाव वाचलं की लोकांस्नी परत पोलीस ठाणंच आठवंल."

या केसनं मला तपासातलं काही शिकवलं नाही. तपास मला येत होता. एवढंच शिकलो की खोलीत दोन माणसांची समजूत पटत असते, तेव्हा दार उघडून बाहेर कोण बसलंय ते पाहावं. तडजोड त्याच्या जिवावर होत असते. आणि हे कळून मी त्याला देऊ शकतो ते हे, नाव नसलेलं, उशिरा आलेलं पान.

किल्ली अजून त्याच्या हातात होती. त्यानं मघाचा व्हिडिओ पुसला आणि कॅमेरा पुन्हा वर केला.

"परत बोला. जेवढं सांगितलं तेवढंच."

"गाडी माझी आहे," मी म्हणालो. "ह्यांना मी बोलावलंय."