पानाशेजारचा चुना

माझा स्वभावच चौकस. जुन्नरला आमची चुन्याची भट्टी होती. दगड भाजून कळीचा चुना काढायचा आणि बैलगाडीनं दोन मुक्काम करत रेल्वे स्टेशनावर पोचवायचा, हा धंदा. उभा जन्म चुन्यात गेला, तरी एक कोडं मला सुटत नसे. हाताला गार लागणारा हा दगड पाणी पडताच उकळतो कसा? आग विझवायची ती पाण्यानं, अन् इथं पाण्यानंच पेट घ्यावा! बायको म्हणायची, "तुमास्नी भाकरीपरीस शंका लई लागत्यात."

विलायतेची राणी वारून तिचा पोरगा गादीवर आला, त्या सुमाराची गोष्ट. स्टेशनावर माझी पोती मालडब्यात चढत होती. त्याच डब्यात मंचरकडच्या खायच्या पानांच्या करंड्या जायच्या होत्या. पानं सुकू नयेत म्हणून त्यांवर सारखं पाणी मारतात, त्यामुळं करंड्या टपटप गळत होत्या. घाटघरकडचा एक नवा हमाल डोक्यावर करंडी घेऊन मला विचारू लागला, "भाऊ, ही कुठं ठिवू?"

मी आपल्याच तोऱ्यात. म्हणालो, "ठेव की चुन्याशेजारी! पानाला चुना लागतोच, वाटेत विडा तयार होईल."

सगळे खो खो हसले. मीही हसलो, बैल जुंपले नि घराची वाट धरली.

आठ दिवसांनी रेल्वेचे तपासनीस टांग्यातून थेट भट्टीवर हजर. सोबत तोच हमाल, उजव्या हाताला हे भलंमोठं फडकं बांधलेलं. माझी पाठ वळल्यावर तासाभरात, गाडी सुटायच्या आतच, डब्यातून धूर निघाला होता. पेटलेली पोती ओढून काढताना बिचाऱ्याचा हात भाजला. वर स्टेशनावर बोलवा अशी, की चुन्यात कुणी काडेपेट्या दडवल्या, नाहीतर या हमालानं डब्यात विडी ओढली. विडीचा ठपका आला असता तर त्याची नोकरी गेलीच म्हणायची.

मी म्हणालो, "साहेब, काडी नको नि विडी नको. चुना ओला झाला असंल."

"चुना पेटतो होय?" साहेब हसले. "आम्ही तर रोज खातो."

"खाता तो पाण्यात इरल्याला, साहेब," बायको मधेच बोलली. "ह्यो जिता हाय."

तिनं घमेल्यात वाळलं गवत नि गोणपाटाचा तुकडा घातला, वर कळीचे खडे रचले आणि ओंजळभर पाणी शिंपडलं. आधी काहीच होईना. साहेब वाकून बघू लागले. मग सूं सूं आवाज आला, खडे तडकले, वाफ उठली आणि थोड्या वेळानं गवत काळं पडून धुमसायला लागलं.

"अरेच्चा!" साहेब घमेल्याजवळ उकिडवेच बसले. मीही बसलो. पाणी किती लागतं, थोड्या पाण्यानं जास्त तापतो की पुष्कळ पाण्यानं, दमट हवेनं काय होतं. ते विचारत होते, मी सांगत होतो आणि मधूनच मीच त्यांना विचारत होतो. लई मजा आली, खोटं कशाला बोलू? काडेपेट्या नि विडी, दोन्ही त्यांनी कागदावरून खोडलं.

मग त्यांनी हमालाकडे मान वळवली. "ओली करंडी चुन्याला लावून कोणी ठेवली?"

"म्या."

"का?"

त्यानं मान खाली घातली. माझ्याकडे बोट दाखवलं नाही, की माझं नाव घेतलं नाही. वाचलेली नोकरी पुन्हा जायला निघाली होती. बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. घरी आल्यावर तो विनोद मीच तिला रंगवून सांगितला होता.

"मी सांगितलं होतं, साहेब," मी म्हणालो.

"काय सांगितलं? जसंच्या तसं सांगा."

सांगितलं. कुणी हसलं नाही. साहेबांनी ते शब्द तसेच उतरवून घेतले. हमालाचा दोष नाही, आणि माझा माल सहा महिने बंद, असा निकाल तिथंच दिला.

टांगा निघताना मी हमालाला गाठलं. मला लाज वाटत होती, तरी तोंडातून आलं ते असं, "अरे, थट्टा केली रे मी. कळलं नाही तुला?"

"सगळी हसली तवा वाटलं, थट्टाच आसंल," तो म्हणाला. "पर म्हनलं, चुनेवाला हाय, त्याला ठावं नसंल व्हय?"