पोपटाचा उष्टा पेरू

"पोपटाचा उष्टा पेरू!" डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. दार उघडंच होतं. त्यांनी बाहेरच्या सिस्टरला हाक मारली, "अहो, ऐकलंत का? मुलगा बोलावा म्हणून यांनी त्याला पोपटाचा उष्टा पेरू चारलाय!"

सिस्टर हसली. बाकावरच्या बायाही हसल्या. मोताळ्याचा बाजार होता, दवाखाना भरलेला. नवऱ्याला मेथीच्या जुड्यांजवळ बसवून मी दोन्ही लेकरं घेऊन आले होते. पोराला चौथं वर्ष लागलं, तरी तोंडातून शब्द नाही. आजवर काय काय केलं, असं डॉक्टरांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं.

चारला होता मी पेरू. आमच्याकडे पोर बोलायला उशीर करू लागलं की पोपटानं टोचलेलं फळ देतात. सासूबाईंनी सांगितलं. भर उन्हात बांधावरच्या पेरूच्या झाडाखाली, पोपट कधी फळ टोचतो म्हणून मी मान वर करून बसायची. पोरानं पेरू मातीत फेकला. धुतला तर उष्टेपणा जाईल, म्हणून पदरानं पुसून पुन्हा दिला. इतकी वेडी झाले होते मी.

आणि का होऊ नये? दर लसीच्या वेळी याच टेबलासमोर उभी राहून सांगत होते, "सायब, हाक मारली तं हा पाह्यतच नाही." सुई टोचता टोचता उत्तर यायचं, "बोलेल. मुलगे उशिराच बोलतात. वजन छान आहे." वजन तेवढं पाहिलं. बाजारात कोबीचा गड्डासुद्धा लोक उलटून-पालटून बघतात.

बाहेर अजून हसत होते. शरमेनं माझे कान तापले, डोळे भरले. पळून जावं असं वाटलं. धाकटीला कडेवर घेऊन पोराला उठवायला वाकले, आणि हात तिथंच थांबला.

त्या हशानं धाकटी दचकून रडायला लागली होती. पोर मात्र खाली बसून माझ्या चपलेचा पट्टा ओढत होतं. त्यानं मान वर केली नव्हती.

मी म्हणाले, "सायब, तुमी एवढ्या जोरानं हासले. यानं पाह्यलं काय?"

डॉक्टरांचं हसू थांबलं. त्यांनी पोराच्या पाठीमागे टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. पोर चपलेतच.

"कान तपासावे लागतील. किंवा वाढीचं काही असेल," ते म्हणाले. "आधीच आणायला हवं होतं."

"आनलंच व्हतं न सायब! तुमी काऊन नाही पाह्यलं?"

"पुढचा पेशंट," डॉक्टर म्हणाले.

तपासणीची चिठ्ठी मिळाली आहे, नंबर लागायचा आहे. काय निघेल, आता कितपत उपयोग होईल, मला काही कळत नाही. माझ्या हातात काहीच नाही. गेलेली वर्षं कोण आणून देणार? मी बोलताना पोर माझ्या ओठांकडे बघत राहतं आणि माझा जीव तुटतो.

पण धाकटीची लस जवळ आली आहे. दवाखाना तोच, दुसरा जवळपास नाही. मी जाणार. हसायचं त्यांनी हसावं. डॉक्टरांना म्हणणार, आधी पोरीला हाक मारा, ती वळते का बघा, मला नीट समजावून सांगा. सुई मग. तोवर मी जागची हलणार नाही, आणि माझ्यामागच्या बाईलाही सांगणार, तुझं लेकरू नीट बघेपर्यंत तूही उठू नको.