नावं खोडणाऱ्या बाई

बाईंनी आयुष्यात एकाही प्राण्याला नाव दिलं नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट नवलाची आहे. जीवाश्मांवर काम करणारा माणूस भेटला की लोक पहिलं विचारतात, तुमच्या किती प्रजाती? मग तो अंग चोरत आकडा सांगतो आणि मनातून फुगतो. बाईंना कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "माझी एकही नाही. मी दुसऱ्यांच्या कमी करते."

त्यांचं सगळं काम ट्रायलोबाइटांवर. फार फार पूर्वी समुद्राच्या तळाशी सरपटणारे हे प्राणी, पाठीवर तीन उभे भाग, दिसायला झुरळ आणि चिंबोरी यांच्या मधले. ते केव्हाच संपले, हिमालयात स्पितीच्या डोंगरात त्यांचे ठसे राहिले. ते ठसे ज्यांच्या हाती प्रथम लागले त्यांनी लांबट दिसला की एक नाव दिलं, रुंद दिसला की दुसरं, तिरका दिसला की तिसरं. त्या नावांचं रान माजलं होतं. निवृत्त झाल्यावर बाईंनी ते साफ करायला घेतलं. नागावला वडिलांच्या वाडीत त्यांचं छोटं घर होतं. तिथे त्या राहायला गेल्या तेव्हा टेम्पोतून भांडी कमी आणि दगडांची खोकी जास्त उतरली.

"वेगळं आहे, की वेगळं दिसतंय?" हा त्यांचा प्रश्न. तो फक्त दगडांपुरता नव्हता. शेजारच्या नानांनी घराचं होमस्टे केलं आणि पाटी लावली, समुद्राकडच्या खोलीचं भाडं जास्त, बागेकडच्या खोलीचं कमी. बाई दोन्ही खोल्यांच्या खिडकीत जाऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं, आणि नानांना म्हणाल्या की दोन्हीकडून माडच दिसतात. नाना म्हणाले, "बाई, तुम्ही आपलं दगडांचं बघा. माझं गिऱ्हाईक सुखी आहे." पण पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा पाटीवर एकच भाडं होतं.

थळची एक मासळीवाली मावशी टोपली घेऊन त्यांच्याकडे यायची. तिच्याकडून बाई चिंबोऱ्या घ्यायच्या, पण सगळ्या आकारांच्या. नखाएवढ्या पिल्लापासून तळहातापेक्षा मोठ्या नरापर्यंत. मावशीला हे काही केल्या समजत नसे. बाई ओसरीवर बसून एकेका पाठीची लांबी-रुंदी व्हर्नियरने मोजायच्या आणि मावशी तंबाखू मळत बघायची. एकदा तिला राहवलं नाही. "बाय, यांना खायाचं हाय का यांचं लगीन जुळवायचं हाय?" बाई हसल्या, पण मोजणं थांबलं नाही. लहानपणचं अंग मोठेपणी किती बदलतं, ते त्यांना जिवंत प्राण्यात बघायचं होतं. कारण त्यांचं खरं स्वप्न वेगळंच होतं. नावांची साफसफाई संपली की ट्रायलोबाइटचं अंड्यातून निघाल्यापासून म्हातारपणापर्यंतचं सगळं आयुष्य त्यांना चित्रांत मांडायचं होतं. पहिली काही चित्रं त्यांनी काढलीही होती. तांदळाच्या दाण्याहून लहान पिल्लू, त्याच्या डोक्यावरचे काटे. ती चित्रं बघताना तो प्राणी आत्ता हलेल असं वाटायचं.

मी त्यांचा विद्यार्थी. मुंबईच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली शिकलो, पुढे तिथेच लागलो. डॉक्टरेटच्या कामात स्पितीहून आणलेल्या एका दगडी पाटीवर मला एक लांबट, अरुंद ट्रायलोबाइट सापडला. मी त्याला नवी प्रजाती ठरवलं आणि बाईंच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून तिचं नाव ठेवलं. बातमी सांगायला पेढे घेऊन गेलो. बाईंनी पेढा खाल्ला, पाटी भिंगाखाली धरली, आणि म्हणाल्या, "जिवंत माणसाचं नाव देऊ नये रे. उद्या दोघांतलं एक खोटं निघालं तर पंचाईत." मी ते विनयाचं बोलणं समजलो. ती प्रजाती माझी एकच. माझ्या नावापुढे जे काही मानाचं लागलं ते तिच्यामुळे. परिषदांमधून माझी ओळख करून देताना लोक तीच सांगतात.

साफसफाई करत करत बाई एक दिवस तिच्यापर्यंत आल्या. त्यांनी मला नागावला बोलावलं. मांडव्याला बोटीतून उतरलो तेव्हा कशासाठी बोलावलंय याची मला कल्पना नव्हती. ओसरीवर सायकलच्या ट्यूबचा कापून सपाट केलेला तुकडा ठेवला होता, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने माझा ट्रायलोबाइट काढला होता, हुबेहूब, त्याच लांबट अंगाने. "हे दगड हिमालय उभा राहताना दाबले गेलेत, ताणले गेलेत," त्या म्हणाल्या. "आता तू उलटं कर. आडवा ओढ." मी दोन्ही कडा धरून ओढलं. लांबट अंग आखूड होत गेलं, गाल रुंद झाले, डोळ्यांमधलं अंतर वाढलं. बाईंनी शेजारी जुन्या प्रजातीचं चित्र ठेवलं. ते आणि माझ्या हातातलं, दोन्ही एकच होतं. एकाला पुढे डोंगर उठताना ताण बसला होता, एवढाच फरक.

नियम साधा आहे. दोन नावं एकाच प्राण्याची निघाली तर जुनं राहतं, नवं बाद होतं. म्हणजे माझी प्रजाती बाद, आणि बाईंचं जगात एकाच ठिकाणी कोरलेलं नाव तेही बाद. मी म्हटलं, एवढं एक राहू दे, बाकीची खोडलीत तरी पुष्कळ झालं. त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी काही वेगळ्याच भाषेत बोललो होतो. मग म्हणाल्या, "स्वतःचं नाव आलं म्हणून थांबले, तर आधी खोडलेल्यांना मी काय तोंड दाखवू?" एवढं बोलून चहा टाकायला आत गेल्या. चहा ओतताना बशीबाहेर सांडला, त्यांच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा मला कळलं की त्यांना नीट दिसत नाही. मी फडक्याने पुसलं.

आता जे लिहितोय ते मी कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

बाईंनी या सगळ्या साफसफाईवरचा लेख एका नियतकालिकाकडे पाठवला. असे लेख छापण्याआधी त्या विषयातल्या माणसाकडे तपासायला जातात. तपासणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. ट्रायलोबाइटांवर काम करणारे आपल्याकडे कितीसे, तो लेख माझ्याकडेच आला. निकाल माझ्या प्रजातीचा होता, म्हणून मी तो तसाच परत करायला हवा होता. मी ठेवून घेतला. आणि टिपण लिहिलं की लेख चांगला आहे, परंतु लेखिकेच्या दृष्टीची वयोमानपरत्वे मर्यादा लक्षात घेता शेवटच्या प्रजातीचीच नव्हे, तर सर्वच मोजमापांची फेरतपासणी होणं आवश्यक वाटतं. फार सभ्य भाषेत लिहिलं. लेख परत गेला.

मला वाटलं होतं बाई वैतागतील, सोडून देतील. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाजात उत्साह होता. "अरे, कुणीतरी फार रास्त शंका काढली आहे. मला खरंच कमी दिसतं. मीच आधी विचार करायला हवा होता." त्यांनी अलिबागला जाऊन दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. मग सगळी खोकी पुन्हा उघडली. पहिल्या दगडापासून. माझ्या प्रजातीशी काही संबंध नसलेले, केव्हाच निकालात निघालेले दगडसुद्धा. मी अधूनमधून जायचो, त्या ओसरीवर वाकून बसलेल्या असायच्या. समोर समुद्रावर पर्यटकांचे बनाना बोटीवरचे ओरडे चालू असायचे आणि बाईंच्या तोंडून फक्त आकडे. थळची मावशी येऊन टोपली न उतरवताच परत जायची. "बायला आता चिंबोऱ्यांना येल न्हाय," ती मला म्हणाली. पिल्लांची चित्रं कपाटात गेली ती गेलीच. काम करण्याजोगं त्यांच्या अंगात जे काही उरलं होतं ते त्या फेरमोजणीत गेलं. ती मी करायला लावली होती, आणि मी समोर बसून त्यांना नवं भिंग आणून दिल्याचा आनंद दाखवत होतो.

एकाही प्रजातीचा निकाल बदलला नाही. लेख छापून आला. मी गेलो तेव्हा बाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, खूप वाळल्या होत्या. त्यांनी मला शेवटचं पान मोठ्याने वाचायला लावलं. तिथे आभार होते. पहिलेच आभार, नाव ठाऊक नसलेल्या परीक्षकाचे, ज्याच्या शंकेमुळे हे काम पुन्हा, स्वच्छ डोळ्यांनी करता आलं. मी कागद खाली ठेवला आणि म्हटलं, "बाई, तो परीक्षक..."

त्यांनी हात वर केला. वर्गात गडबड झाली की करायच्या तसा.

"ते नाव लेखकाला कळता कामा नये. सांगायचंही नसतं, विचारायचंही नसतं. आपल्या कामात एवढा एकच पडदा आहे, तो असू दे."

त्यांच्या डोळ्यांविषयी कुणाला ठाऊक होतं? त्यांच्या घरी चहा पिणाऱ्याला. एवढ्या बारीक फरकांवर आयुष्य काढलेल्या बाईला हे जुळवायला कितीसा वेळ लागला असेल? पण त्यांच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही. त्या म्हणाल्या, निघ आता, बोट चुकेल. फाटकापर्यंत पोचवायला आल्या आणि वाटेत पडलेली एक सुपारी उचलून ओच्यात टाकली. त्यानंतर बाई मला दिसल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात गेल्या.

त्यांनी घातलेला तो पडदा मी आज काढतो आहे. तो काढायचा हक्क मला नाही हे मला माहीत आहे. टिपण माझं होतं. आणि ते लिहिताना बाईंच्या निकालाविषयी मला कसलीच शंका नव्हती. ट्यूब मी माझ्या हाताने ओढून पाहिली होती.